उजव्या हाताची नखं

माणसाच्या नखांच्या बाबतीत आपला हात कोणी धरू शकणार नाही, असं नखेसाहेबांचं ठाम मत होतं. आणि ते मत चुकीचं नव्हतं, हीच पुढच्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात.

नखेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात ते स्वच्छता अधिकारी होते. रोज सकाळी सातला दाराशी उभं राहायचं. समोरून दोनशे चौदा माणसं रांगेनं येणार, प्रत्येकानं तळवे वर करून हात पुढे करायचे, साहेबांनी बघायचं. बोटाच्या टोकावरून नख डोकावलं नाही तर 'पुढे'. डोकावलं तर 'मागे'. 'मागे' म्हटलं की दाराजवळच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेल्या नेलकटरपाशी जायचं, नख कापायचं आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. तेवढ्यात सव्वासातची घंटा झाली तर त्या दिवसाचा खाडा. गयावया चालत नसे. या दोन शब्दांवर साहेबांनी सव्वीस वर्षं नोकरी केली होती.

सव्वीस वर्षं हात बघून माणूस थकतो. साहेबही थकले होते. त्यांना आता चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. बाजारात कोणी ओळखीचं हसलं, की ते आधी खाली बघायचे आणि मग म्हणायचे, "अरे, भट्टीवर ना तुम्ही?" घरी येऊन जेवायला बसले तरी बायकोनं ताट पुढे केलं की त्यांचं लक्ष तिच्या बोटांकडे जायचं, आणि मग तिची जी नजर यायची ती झेलायला त्यांच्यात त्राण नसे.

कारखान्याचं नियमपुस्तक त्यांनीच लिहिलं होतं. एक्केचाळीस नियम. नखांचा पहिला. कोणी हातमोजा घातला तर त्याला जखम असली पाहिजे आणि जखम असेल तर ती जखमांच्या वहीत लिहिली पाहिजे, हा अकरावा. मालात काही पडल्याची शंका आली तर आधी पट्टा थांबवा आणि मग विचार करा, हा एकोणिसावा. सगळं होतं त्या पुस्तकात. फक्त स्वच्छता अधिकाऱ्याची नखं कोणी बघायची, हे राहून गेलं होतं. नियम करणाऱ्याला स्वतःचा संशय येत नाही.

तर एका रविवारी त्यांच्या मुलीला स्पर्धेला जायचं होतं. ती कॉलेजच्या टेबल टेनिसच्या संघात होती. तिला मोठी बॅग हवी होती आणि ती कपाटावर होती. साहेब स्टुलावर चढले, बॅग ओढली आणि बॅगेमागून एक लांबट काळी पेटी थेट त्यांच्या खांद्यावर आली. पेटीत गिटार होती. सहापैकी दोन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या. खाली दोन पानांचं स्वरलेखन, पिवळं पडलेलं. साहेब स्टुलावरून उतरले आणि तसेच जमिनीवर बसले.

"बाबा, ही कुणाची?" मुलीनं विचारलं.

"माझी," साहेब म्हणाले, आणि त्यांनाच ते खरं वाटेना.

झालं होतं ते असं. चोविसाव्या वर्षी साहेब ही दोन पानांची रचना शिकत होते. पहिलं पान उत्तम बसलं होतं. दुसऱ्या पानाची तिसरी ओळ मात्र काही केल्या येत नव्हती. तिथे हात अडखळायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी लागली. पहिल्याच दिवशी दारात नखं कापायला लावली. आता या जातीची गिटार उजव्या हाताच्या नखांनी वाजवायची असते. डाव्या हाताची नखं आखूड, उजव्याची वाढलेली. नखं गेली, तिसरी ओळ राहिली. "दोन महिन्यांनी येतो," असं मास्तरांना सांगून साहेब निघाले ते सव्वीस वर्षं.

त्या दिवशी जमिनीवर बसून त्यांनी उरलेल्या चार तारांवरून बोट फिरवलं. आवाज असा आला की स्वयंपाकघरातून बायकोनं काय सांडलं म्हणून विचारलं. पण साहेबांच्या छातीत काहीतरी हललं. मरताना माणसं काय काय राहून गेलं म्हणतात; आपलं नेमकं काय राहिलं ते आपल्याला ओळीच्या नंबरासकट ठाऊक आहे, असं त्यांना वाटलं. ती ओळ एकदा, न थांबता, शेवटपर्यंत वाजवायची. मग कपाटावर ठेवली तरी चालेल.

मास्तर अजून होते. स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, त्याच खोलीत. वय झालं होतं, पण दारात खुर्ची टाकून शिष्यांचे हात तपासायची सवय तीच होती. साहेब जिना चढून धापा टाकत वर आले. मास्तरांनी चष्मा वर केला.

"दोन महिने झाले?"

मास्तरांनी हात पुढे करायला सांगितलं. साहेबांनी सवयीनं तळवे वर केले. मास्तरांनी उजवा हात उलटा करून बघितला, एकेका बोटावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"नखं नाहीत. मागे."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांना कोणीतरी नखांपायी दारातून परत पाठवलं होतं. तेही नखं वाढली नाहीत म्हणून. जिना उतरताना त्यांना हसू येत होतं आणि गुडघे दुखत होते. तीन महिन्यांनी मास्तरांच्या शिष्यांचा वार्षिक कार्यक्रम होता, रविवारी, संध्याकाळी पाचला. तोवर नखं आणून दाखवली तर एक जागा देतो, असं मास्तर म्हणाले होते.

पहिला महिना कोणाला काही कळलं नाही. तपासणाऱ्याचे हात कोण तपासणार? साहेबांनी गिटारला नव्या तारा घातल्या. ते पहाटे उठायचे, स्वयंपाकघराचं दार लावून ओट्याला पाठ टेकून बसायचे आणि पहिलं पान घासायचे. घरच्यांनी सहनशक्तीची कमाल केली. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांना "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" असं विचारून तिच्यात वाद घालायची ताकद उरत नसे. ती एकदाच म्हणाली, "अहो, तुम्हाला आनंद होतोय ना? मग झालं. फक्त मला तो ऐकू आला नाही तर बरं." आणि झोपायच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत तिनं चादर कोंबली.

दुसऱ्या महिन्यात नखं बोटांच्या वर आली. साहेब रांगेतले हात डाव्या हातानं तपासू लागले आणि उजवा खिशात ठेवू लागले. पण माणूस असा किती दिवस खिशात हात घालून वावरणार? शेवटी त्यांनी उजव्या हातात निळा हातमोजा चढवला. आणि मोजा चढवताक्षणी अकरावा नियम आडवा आला. मोजा आहे तर जखम हवी, जखम आहे तर वहीत हवी. साहेब स्वतःच्या नियमाला फार मानायचे. त्यांनी वही काढली आणि लिहिलं, "उजवा हात. किरकोळ."

दहा दिवस झाले तरी किरकोळ बरं होईना, तेव्हा त्यांनी "पुरळ" लिहिलं. मग "पुरळ, वाढलं". वही भिंतीला टांगलेली असायची आणि कारखान्यात सगळ्यांना वाचता येत होतं.

मग जे व्हायचं ते झालं. चहाच्या टेबलावर साहेबांचा पेला वेगळा ठेवला जाऊ लागला. मिक्सरवाल्यानं कडू मुळ्या ठेचून आणून दिल्या. भट्टीवाल्यानं सांगितलं की त्याच्या चुलत्याचं असंच सुरू झालं होतं. पुढे काय झालं ते मात्र सांगितलं नाही आणि घाईघाईनं निघून गेला. रांगेत माणसं हात पुढे करायची, पण साहेबांपासून वीतभर लांब. एकटी पॅकिंगची मावशी तेवढी जवळ यायची. ती कारखान्यातली सगळ्यांत जुनी कामगार. अकरा वर्षांपूर्वी साहेबांनी तिला करंगळीच्या नखावरून 'मागे' म्हटलं होतं. ती घरी शिवणकाम करायची, उसवायला ते नख लागायचं. ते कापून येईपर्यंत घंटा झाली, आणि त्या एका खाड्यानं वर्षभर न चुकता येणाऱ्याला मिळणारं घड्याळ तिच्या हातून गेलं. मावशीनं त्यावर कधी शब्द काढला नाही. ती रोज हात पुढे करायची आणि मोज्याकडे टक लावून बघायची. तिच्या नजरेनं साहेबांना मोज्याच्या आत घाम फुटायचा.

शेवटी गोष्ट मॅनेजरच्या कानावर गेली. मॅनेजर मनानं चांगला माणूस होता आणि सगळा घोटाळा चांगल्या माणसांनीच वाढवला. साहेबांना विचारलं तर ते अवघडतील, म्हणून त्यानं परस्पर घरी फोन केला.

"वहिनी, साहेबांच्या हाताचं कळलं," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "घरी फार त्रास होत असेल."

बायकोला वाटलं, गिटारचं कळलं. इतके दिवस ज्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं ते कोणीतरी आपुलकीनं विचारतंय, याचंच तिला बरं वाटलं.

"होतो हो," ती म्हणाली. "पहाटे साडेपाचला सुरू होतं. सुरुवातीला तर मला रडूच यायचं. आता आम्ही दार लावून घेतो."

मॅनेजरनं आवाज आणखी खाली आणला. "आणि डॉक्टर?"

"डॉक्टर काय करणार याला? पन्नाशीत होतं म्हणे काही पुरुषांना."

"वेदना?"

"त्यांना नाही होत," बायको म्हणाली. "आम्हालाच."

मॅनेजरनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून साहेबांना जिना चढायला लागू नये म्हणून त्यांचं टेबल खाली आणलं गेलं. साहेबांना वाटलं आपली बढती होणार. बायकोनं फोनचं सांगितलं नाही, कारण तिच्या मते सांगण्यासारखं काही नव्हतं.

कार्यक्रम चार दिवसांवर आला तेव्हा पाचही नखं तयार होती. साहेब त्यांना कानशीनं आकार द्यायचे, रंग नसलेलं नेलपॉलिश लावायचे. बायकोनं ते बघितलं आणि स्वतःची जुनी बाटली त्यांच्यापुढे सरकवली. रचना पहिल्या पानापासून दुसऱ्या पानाच्या दुसऱ्या ओळीपर्यंत सुरेख यायची. तिसऱ्या ओळीशी हात थांबायचा. अगदी सव्वीस वर्षांपूर्वी थांबायचा तिथेच. सूर न् सूर पाठ होता, पण ओळ जवळ आली की साहेबांना "आली" असं वाटायचं, आणि वाटलं की संपलं.

आणि बुधवारी पिठाच्या डब्याचं झाकण उघडताना मोज्याच्या आत अनामिकेचं नख कट्कन मोडलं. साहेब घरी आले ते सुतक लागल्यासारखे. मुलीनं बघितलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "बाबा, तू रडू नको. गिटारवाले टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवतात."

तिनं स्वतःचा स्पर्धेचा चेंडू कापला. तुकडा घासून नखाच्या आकाराचा केला आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवला. चेंडूवर निळ्या चांदण्या छापलेल्या असतात, त्यातली एक नेमकी त्या नखावर आली. वाजवलं तर आवाज खऱ्या नखाहून खणखणीत. साहेबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. गुरुवार छान गेला.

शुक्रवारी पहाटे साहेबांनी सात वेळा पहिल्यापासून वाजवलं आणि सात वेळा तिसऱ्या ओळीशी थांबले. घड्याळ बघितलं तर उशीर झाला होता. गिटार पेटीत टाकली, जिन्यातच मोजा चढवला आणि धावले. नखं तपासली, पिठाचा नमुना घ्यायची वेळ झाली म्हणून मिक्सरमधल्या मळलेल्या पिठात मोजा घातलेला हात कोपरापर्यंत बुडवला, मूठभर पीठ काढलं, ठीक आहे म्हणून सही केली. अकराला हात धुवायला गेले. मोजा काढला. अनामिकेला गोंदाचा पिवळा ठिपका होता आणि नख नव्हतं.

त्यांनी मोजा उलटा केला. आत काही नव्हतं. पण मोज्याच्या अनामिकेच्या टोकाला बारीक भोक होतं.

साहेब नळापाशी उभे राहिले. नळ चालूच होता. कोणालाही काही कळलं नसतं. फाटक्या मोज्याच्या जागी नवा मोजा आला असता, तुकडा पिठात गेला असता, पीठ साच्यात, साचा भट्टीत. परवा रविवार. फक्त परवापर्यंत गप्प बसायचं होतं. आणि मग कुठल्यातरी घरात कोणीतरी चहात बिस्कीट बुडवून खाल्लं असतं. साहेबांना आपण किती थकलोय ते त्या क्षणी कळलं. खोटं बोलायलासुद्धा त्यांच्यात जोर राहिला नव्हता. ते बाहेर आले आणि त्यांनी भिंतीवरची लाल दोरी ओढली.

चार वर्षांत ती दोरी कोणी ओढली नव्हती. भोंगा झाला, पट्टा थांबला, दोनशे चौदा माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. मॅनेजर धावत आला.

"काय पडलं?"

"नख," साहेब म्हणाले.

"कोणाचं?"

"माझं." मग त्यांना राहवलं नाही. सव्वीस वर्षं अचूक नोंदी करायची सवय होती. "म्हणजे अगदी माझं नाही. टेबल टेनिसचं आहे."

मॅनेजरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, हातातलं डोक्यात गेलं. त्यानं हलक्या आवाजात बसायला खुर्ची मागवली. तेव्हा साहेबांनी उजवा हात वर केला. चार लांब, घासलेली, चकचकीत नखं आणि एक गोंदाचा ठिपका.

साहेबांनी सगळं सांगितलं. कपाट, पेटी, मास्तर, तिसरी ओळ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅनेजरनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे वहिनी जे म्हणाल्या ते गिटारबद्दल होतं?" साहेबांना आधी काही कळेना. मग कळलं. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

एकोणिसाव्या नियमाप्रमाणे सकाळपासूनचा सगळा माल बाजूला काढला. पीठ चाळणीनं गाळलं. भट्टीतून निघालेली बिस्किटं टेबलांवर ओतली आणि सगळा कारखाना ती हातानं फोडत बसला. मिक्सरवाला, भट्टीवाला, पॅकिंगच्या बायका, मॅनेजर, सगळे. निळी चांदणी असलेला पांढरा तुकडा शोधायचा होता. सहा तास नुसता कुटकुट आवाज. सगळ्यांच्या केसांत, भुवयांत चुरा. संध्याकाळपर्यंत चांदणी सापडली नाही. नियमाप्रमाणे सगळा चुरा गुरांच्या खाद्याला गेला, आणि त्या आठवड्यात तिथली गुरं फार गोड वागली असतील.

शिक्षा काय करायची हा प्रश्न मॅनेजरला पडला. साहेबांनीच नियमपुस्तक उघडून दाखवलं: नियम मोडणारा रांगेत उभा राहील. मग तपासायचं कोणी? सगळ्यांत जुन्या कामगारानं, असं मॅनेजर म्हणाला. वर्षभर.

शनिवारी सकाळी सातला पॅकिंगची मावशी दाराशी उभी होती. साहेब रांगेत एकशे नववे होते. त्यांची पाळी आली.

"हात पुढे."

साहेबांनी हात पुढे केले. मावशीनं डावा बघितला. मग उजवा बघितला. तिनं घाई केली नाही. अकरा वर्षं थांबलेल्या माणसाला घाई कसली?

"मागे," ती म्हणाली.

साहेब खिळ्यापाशी गेले. सुतळी आखूड होती, वाकावं लागत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. तीन महिन्यांची चार नखं चार आवाजांत गेली. ती कागदात गुंडाळताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलं नाही. परत रांगेत उभे राहून ते मावशीसमोर आले तेव्हा मावशीनं हात बघितले आणि खालच्या आवाजात विचारलं, "उद्या किती वाजता आहे तुमचं ते?"

"आता कसलं, मावशी? नखं गेली."

"किती वाजता ते विचारलं. सहा तास बिस्किटं फोडली आम्ही. कशापायी, ते ऐकू तरी द्या."

रविवारी संध्याकाळी पाचला साहेब स्टेशनरीच्या दुकानाचा जिना चढले. मागे बायको, मुलगी आणि त्यामागे मावशी आणि पॅकिंगच्या सहा बायका. शुक्रवारपासून साहेबांनी पेटी उघडलीही नव्हती. दारात मास्तर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी उजवा हात उलटा केला आणि चष्मा वर केला.

"नखं नाहीत. मागे."

साहेब वळले. वाद घालायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. ही दोन्ही दारं त्यांना आता पाठ झाली होती. पण जिना अरुंद आणि मावशी आडव्या अंगाची. ती हलली नाही.

"ती नखं मी कापली," मावशी मास्तरांना म्हणाली. "नियमानं कापली. त्यांचा दोष नाही. त्यांना बसू द्या."

मास्तरांनी आयुष्यात बरेच शिष्य बघितले होते, पण शिष्यासाठी भांडायला सात बायका आलेल्या बघितल्या नव्हत्या. ते बाजूला झाले. "बोटांच्या मांसानं वाजवा," ते म्हणाले. "आवाज अगदी बारीक येईल. लोकांना गप्प बसावं लागेल."

लोक गप्प बसले. पुढच्या रांगेत सगळे आठ-दहा वर्षांचे शिष्य, मागे त्यांचे आईबाप, भिंतीला टेकून पॅकिंग खातं. साहेब स्टुलावर बसले, पाय पायपुसण्याएवढ्या चौरंगावर ठेवला, सूर जुळवले आणि सुरू केलं. आवाज खरंच बारीक होता, पण गोड होता. मुलगी आईला कोपरानं ढोसून काहीतरी म्हणाली. आठव्या मात्रेला साहेबांनी जाड तार छेडली आणि गिटारच्या पोटात काहीतरी वाजलं.

खुळ्.

साहेबांना वाटलं भास झाला. पुढची जाड तार आली. खुळखुळ. त्यांनी गिटार जरा कलती केली. आत काहीतरी या कडेहून त्या कडेला घरंगळत गेलं. हलकं, पातळ, नखाएवढं.

शुक्रवारी नख कारखान्यात पडलंच नव्हतं. ते पहाटे स्वयंपाकघरात, वाजवताना, गिटारच्या भोकात पडलं होतं. मोज्याचं भोक मोज्याचं होतं. काखेत कळसा आणि सगळ्या कारखान्याला वळसा! समोर भिंतीला टेकून ज्या सात बायका उभ्या होत्या त्यांच्या बोटांना अजून बिस्किटांचा वास येत असणार. आता थांबलो तर सगळे विचारतील काय झालं. म्हणून साहेब थांबले नाहीत. जाड तार आली की ते गिटार छातीशी घट्ट दाबायचे, आणि दाबली की ती जास्तच खुळखुळायची. घाम डोळ्यांत जात होता. मावशी कान टवकारून बघत होती. पान कधी संपलं, हात कुठे कुठे गेला, याचा त्यांना पत्ता नव्हता. शेवटचा सूर वाजला, विरला, आणि त्याच्यामागून एकदा हळूच खुळ् झालं.

टाळ्या वाजल्या. मास्तर उठले, त्यांनी साहेबांच्या हातातून गिटार घेतली, उलटी केली आणि हलवली. भोकातून एक पांढरा तुकडा फरशीवर पडला, टिक् वाजला आणि घसरत मावशीच्या पायाशी गेला. मावशीनं तो चिमटीत उचलला. उजेडात धरला. त्यावर निळी चांदणी होती.

पॅकिंगच्या सहाही बायकांनी आपापल्या हातांकडे बघितलं.

तेव्हा कुठे साहेबांच्या लक्षात आलं. टाळ्या पडल्या म्हणजे रचना संपली होती. संपली म्हणजे तिसरी ओळ झाली होती. न थांबता झाली होती, आणि त्यांनी स्वतः ती ऐकलीच नव्हती.

"तिसरी ओळ," ते बायकोला म्हणाले. "दुसऱ्या पानाची. कशी झाली?"

बायकोला फार वाईट वाटलं. पण ती खोटं बोलणारी नव्हती. "मला नाही सांगता यायचं हो. मी ती खुळखुळ ऐकत होते."

साहेबांनी मुलीकडे बघितलं. ती चप्पल बघू लागली. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "मीसुद्धा."

"मग पुन्हा एकदा वाजवतो," साहेब म्हणाले. "आता आत काही नाही."

पण स्टुलावर पुढची आठ वर्षांची शिष्या येऊन बसलीसुद्धा होती. मास्तरांनी मान हलवली. एका शिष्याला एक पाळी, हा त्यांच्या खोलीचा नियम होता, आणि नियमाला मान देणारा माणूस साहेबांइतका कोण असणार? मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या खोलीत कोणी कधी ऐकला नव्हता इतक्या मायेनं म्हणाले, "पुढच्या वर्षी या. नखं वाढवून या."

साहेबांनी मान डोलावली. मागून पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला. मावशीनं तो चांदणीचा तुकडा आत ठेवला होता.

"बघू की," मावशी म्हणाली. "वर्षभर दारात मीच आहे."